सर्वानुमते

८ जानेवारी

चि. मुंगीस,
आत्याचे आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या कोटाची बाही कापत होते, म्हणून ‘हो हो, बरं आहे’ एवढ्यावरच भागवलं. खरं सांगू का, मला फोनवर बोलताच येत नाही. समोरचं माणूस क्षणभर गप्प झालं की वाटतं, लाइन गेली. पत्रात कसं, गप्प बसायलाही जागा असते. म्हणून लिहिते आहे, आणि तूही लिही. तुझे बाबा म्हणतात, ‘पोरगी संशोधन करते, तिला कुठला वेळ?’ मी म्हटलं, दादा, मुंग्यांना वेळ नसतो हे मान्य, पण साखर दिसली की त्या वळतातच.

मी दुसऱ्यांदा निवडून आले हे तुला कळलंच असेल. दुकानाच्या ‘येथे कपडे शिवून मिळतील’ या पाटीखाली आता ‘नगरसेविका’ अशी दुसरी पाटी लागली आहे. त्यामुळे गिऱ्हाइकांचा गोंधळ उडतो. कुणी बटण लावून घ्यायला येतं आणि जाता जाता नळाला पाणी नसल्याचं सांगतं. कुणी नळाची तक्रार घेऊन येतं आणि मग ओशाळून म्हणतं, आलोच आहे तर ही पँट आखूड करून द्याल का? मी दोन्ही करते. पँट लवकर होते.

एकच घोर आहे. आपल्या गल्लीच्या टोकाचा दवाखाना तुला आठवत असेल, तोच, जिथे तुझा जन्म झाला. तो हलवून रेल्वे फाटकाच्या पलीकडे नव्या इमारतीत न्यायचं चाललं आहे. इमारत मोठी आहे, चकचकीत आहे, पण आमच्याकडच्या बायका तिथे जाणार कशा? बस तिकडे जात नाही, आणि फाटक म्हणजे कुंभकर्ण, एकदा मिटलं की उघडायचं नाव नाही. पण मी नगराध्यक्षांच्या घरी जाऊन आले आहे. त्यांच्या सासूबाईंचं माप घ्यायचं होतंच. अध्यक्ष म्हणाले की तुमच्या दवाखान्याला मी कुणाला हात लावू देणार नाही. शब्द दिला आहे, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

आता तू सांग. तू नक्की काय करतेस, हे मला धड कळलेलं नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, ‘लोक बोलतात ते मोजते.’ बोलणं मोजायला कुठला टेप लागतो, ते कळव. माझ्याकडे दोन आहेत.

तुझी,
आत्या

२५ जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि कुंभकर्णापाशी मोठ्याने हसले. आमच्या खोलीत मोठ्याने हसणं हा गुन्हा आहे, कारण बाकीचे सगळे कानाला हेडफोन लावून बसलेले असतात. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लांबट टेबल, आणि एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. आमच्या प्रमुख बाईंना आम्ही मॅडम म्हणतो. त्या कधी रागवत नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवतात. ते पुरतं.

बाबा बोलले ते चूक नाही. गेली काही वर्षं छोट्या गावांच्या नगरपालिकांच्या सभा ध्वनिमुद्रित होतात आणि कुणालाही ऐकता येतात. पण ऐकतं कोण? आम्ही ऐकतो. चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडली आहेत. कोण बोललं, किती वेळ बोललं, कुणाला मध्येच तोडलं, कुणाचं म्हणणं ठरावात आलं, प्रत्येक गोष्टीला एक रकाना. कुठली गावं ते मात्र सांगायची परवानगी नाही, घरच्यांनाही नाही.

आम्हाला शोधायचं आहे ते असं: बायका निवडून आल्या, खुर्चीत बसल्या, पण त्यांच्या हातात खरोखर काही आलं का? माझा अंदाज असा की जी सभेत बोलत नाही, तिला खुर्ची मिळाली, सत्ता मिळाली नाही. याच अंदाजावर माझा सगळा प्रबंध उभा आहे.

म्हणून विचारते, तू सभेत बोलतेस ना गं? अध्यक्षांनी घरी दिलेला शब्द चहाबरोबर पोटात जातो. तोच त्यांना सभेत द्यायला लाव. इतिवृत्तात, म्हणजे सभेत काय झालं त्याची जी अधिकृत नोंद होते तिच्यात, तो लिहिला जाऊ दे. बोलेल त्याची माती विकली जाते आणि न बोलेल त्याचं सोनंही विकलं जात नाही, हे तूच मला शाळेत असताना ऐकवायचीस.

रागावू नकोस. आणि टेप लागत नाही, पण एक पाठवून दे, मला पडदे शिवायचे आहेत.

तुझी,
मुंगी

११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

टेप पाठवला आहे. पडदे तू शिवणार हे वाचून काळजी वाटली, मापं कळव, मीच शिवून पाठवते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. सभेत कोण बोलतं, माहीत आहे? ज्याला घरी कुणी बोलू देत नाही तो. आमचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत, ते सभेत झोपतात आणि जाग आली की पंख्याची तक्रार करतात. एक कंत्राटदार आहे, तो प्रत्येक विषयावर बोलतो. विषय संपला तरी बोलतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच्या वॉर्डात जाऊन बघ, निम्मे दिवे बंद. माझ्या वॉर्डात एकही दिवा बंद नाही, आणि त्या दिव्यांसाठी मी सभेत अवाक्षर काढलेलं नाही. पालिकेच्या इंजिनिअरच्या मुलीचा गणवेश शिवायला घेतला, तेव्हा त्याच्या कानावर घातलं, एवढंच. सभा म्हणजे शिवून तयार कपडा घालून बघण्याची वेळ. कापायचं काम आधीच झालेलं असतं.

अगदीच बोलले नाही असं नाही हं. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा पहिल्याच सभेत बोलले होते. प्रत्येकापुढे एक माइक असतो, त्याचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो. मी बटण दाबलं आणि नाल्याचं काहीतरी सांगायला लागले. गल्ली किती रुंद, नाला किती रुंद. कंत्राटदार म्हणाला, ‘बाई, इथे माप घ्यायचं नसतं, ते दुकानात.’ सगळं सभागृह हसलं. मलाही हसू आलं. विनोद चांगला होता, खोटं कशाला बोलू? आपण मग अळीमिळी गुपचिळी. पुढे त्याच कंत्राटदाराचा सदरा उसवला तेव्हा तो माझ्याच दुकानात आला आणि मी तो नीट शिवून दिला. दुकानात मी कुणाला हसत नाही.

तेव्हा तुझ्या प्रबंधाला सांग, आत्याचं बरं चाललं आहे.

तुझी,
आत्या

२ मार्च

प्रिय आत्या,

पडद्यांची मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. दोनदा घेतली आहेत, तरी तू तिसऱ्यांदा विचारशील हे माहीत आहे.

कंत्राटदाराचा किस्सा वाचला. तू तो हसण्यावारी नेलास, मला मात्र हसू आलं नाही. आमच्याकडे ‘हशा’ असाही एक रकाना आहे. बाई पहिल्यांदा बोलायला उठते, कुणीतरी काहीतरी म्हणतं, सगळे हसतात, तीही हसते, आणि मग पुढच्या कितीतरी सभांमध्ये तिच्या नावापुढे काहीच नसतं. गावं वेगळी, आवाज वेगळे, पण हे एवढं सगळीकडे सारखं. तू खुर्ची ओढून खाली बसलीस तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा विचार करत मी परवा कितीतरी वेळ त्या भिंतीकडे तोंड असलेल्या खिडकीपाशी उभी होते. कानसेनने येऊन विचारलं, काय दिसतंय? कानसेन म्हणजे आमच्या खोलीतला सगळ्यात तिखट कानांचा मुलगा. खुसपुस ऐकून सांगतो की बोलणारा टेबलाच्या कुठल्या टोकाला बसला आहे.

ऑफिसात थोडी अदलाबदल झाली आहे. माझ्याकडची काही गावं मॅडमनी त्याला दिली आणि त्याची मला.

दवाखान्याचं काय झालं ते लिही. अध्यक्षांनी सभेत काही सांगितलं का?

तुझी,
मुंगी

१४ एप्रिल

प्रिय आत्या,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. पडदे आले, पण त्यांच्या घडीत एक ओळसुद्धा नव्हती. असं कधी झालं नव्हतं.

काल बाबांनी फोनवर सांगितलं की दवाखाना फाटकापलीकडे गेला. ते म्हणाले, तू कुणाशी फार बोलत नाहीस आणि दुकान उशिरा उघडतेस. काय झालं, आत्या? मला बाबांकडून ऐकायचं नाही, तुझ्याकडून ऐकायचं आहे.

मुंगी

२१ एप्रिल

चि. मुंगी,

विचारलंस म्हणून लिहिते.

मार्चच्या सभेत विषयपत्रिकेच्या शेवटी बारीकसारीक विषय होते. स्मशानाची भिंत, पाण्याच्या टाकीची झाकणं असले. सचिवांनी ते भराभर वाचले. त्यातच ‘आरोग्य सेवांची एकत्रित व्यवस्था’ असा एक होता. तो आपला दवाखाना, हे माझ्या ध्यानात येईपर्यंत अध्यक्ष म्हणाले, ‘सर्वानुमते मंजूर,’ आणि सगळे चहाला उठले. मी अध्यक्षांकडे बघितलं. ते कागद आवरत होते. बाहेर जिन्यात त्यांना गाठलं, तर म्हणाले, ‘बाई, वरून दबाव होता. आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. मला वाटलं तुम्हाला पटलं.’

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका दुकानात आल्या. कुणी भांडलं नाही, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीने एवढंच विचारलं की सर्वानुमते म्हणजे तुमच्याही मताने का हो? मी मशीनवर खाली मान घालून बसले.

आणखी एक. तुझं मार्चमधलं पत्र मी परत काढून वाचलं. त्यात लिहिलं आहेस, मी खुर्ची ओढून खाली बसले तेव्हा. मुंगे, खुर्चीचं मी तुला लिहिलं नव्हतं. उभी राहून बोलले होते हेसुद्धा लिहिलं नव्हतं. म्हणजे तू ते ऐकलं आहेस. आमचं गाव तुमच्या चिठ्ठीत निघालं आहे. मी तुला हसत हसत किस्सा सांगत होते, आणि तुझ्याकडे तो आधीच रकान्यात भरलेला होता.

नगरसेविकेचं बोलणं कुणीही ऐकावं, ते चव्हाट्यावरचंच असतं. पण आत्याचं तसं नसतं ना?

पुढचे काही दिवस पत्र लिहीन असं वाटत नाही. प्रकृतीला जप.

आत्या

२८ एप्रिल

प्रिय आत्या,

तू उत्तर देऊ नकोस, पण हे वाच. मॅडमना विचारून लिहिते आहे.

हो, आमच्या चिठ्ठीत तुमचं गाव निघालं. ज्या दिवशी ते माझ्या वाट्याला आलं, त्या दिवशी मला आनंद झाला होता, कारण मला तुझा आवाज ऐकायला मिळणार होता. पहिलीच फीत लावली. तू ‘अध्यक्षमहाराज’ म्हणालीस आणि मी एकटीच खुर्चीत सावरून बसले, जसं काही तूच खोलीत आली होतीस. मग तो हशा आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मी हेडफोन काढला, मॅडमकडे गेले आणि सांगितलं की ही माझी आत्या आहे, हे गाव मी मोजू शकत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि ते गाव कानसेनला दिलं. त्याला कारण सांगितलं नाही. पुढचं काहीही मी ऐकलेलं नाही. तुला सांगायची मला मनाई होती, पण तुझं कंत्राटदाराच्या किश्श्याचं पत्र आलं तेव्हाच मी मनाई उठवून घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी तुला उपदेश केला. ते मला लागलं आहे.

मॅडमनी ठरवलं आहे की इथून पुढच्या तुमच्या सभा उतरवून ठेवायच्या, पण मोजणीत धरायच्या नाहीत, कारण आता तुला माहीत झालं. म्हणजे यापुढे मी तुझ्याशी निव्वळ भाची म्हणून बोलू शकते.

तर भाची म्हणून पहिलं हे सांगते की मी चुकले आणि तू बरोबर होतीस. तुझ्या दिव्यांचं पत्र वाचल्यावर मी हट्ट धरला की नुसत्या सभा ऐकून भागणार नाही, वॉर्डांत कामं काय झाली तेही बघायचं. मला खात्री होती की गप्प बायकांचे वॉर्ड मागे असतील. तसं नाही. दिवे, नळ, गटारं, सगळं जिथल्या तिथे, काही ठिकाणी तर बोलक्या पुरुषांच्या वॉर्डांपेक्षा चांगलं. सत्ता चहाच्या कपातूनही येते, हे माझ्या रकान्यांना दिसत नव्हतं. माझा प्रबंध मला अर्धा उसवावा लागला. मॅडम म्हणाल्या, उसवता येतो तोच चांगला.

दुसरं मात्र तुला आवडणार नाही. अध्यक्ष बदलले किंवा नुसतं त्यांचं मन बदललं, की पहिली कात्री याच वॉर्डांवर चालते. दिवे कायम राहतात, पण शाळा हलते, बस बंद होते, दवाखाना जातो. कारण ही कामं कुणाच्या शब्दावर उभी होती ते कुठेच लिहिलेलं नसतं. मोडणाऱ्याला कुणाचाही शब्द मोडावा लागत नाही. तू एकटी नाहीस, आत्या. कितीतरी गावांत असंच झालं आहे. तू मूर्ख ठरलीस असं वाटून घेऊ नकोस. तुझी पद्धत चालत होती, फक्त तिला आधार नव्हता.

मला तुझी फार आठवण येते. पडदे सुरेख बसले आहेत.

मुंगी

३० जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावरचा राग केव्हाच गेला होता. शिवणाऱ्या बाईला उसवायचा कंटाळा नसतो, पण मला माझाच राग आला होता आणि तो जाईना. आता सांगण्यासारखं काही घडलं आहे, म्हणून लिहिते.

आपल्या मागच्या गल्लीत इस्त्रीवाला राहतो. त्याच्या सुनेचे दिवस भरले होते. गेल्या आठवड्यात भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पूर्वी असती तर चालत दवाखान्यात गेली असती. आता रिक्षा बोलवा, फाटक गाठा. मी दुकान तसंच टाकून बरोबर गेले. फाटक बंद. मालगाडी उभी, हलायचं नाव नाही. रिक्षावाला खाली उतरून पाठ फिरवून उभा राहिला, बिचारा दुसरं काय करणार? मी आणि तिच्या सासूने मिळून काय केलं ते मला नीट आठवतही नाही. मुलगा झाला. माझ्या पिशवीतलं नवं कोरं अस्तराचं कापड फाडून त्याला गुंडाळला. फाटक उघडलं तेव्हा तो रडत होता आणि आम्ही तिघी हसत होतो, रडत होतो, काय ते देव जाणे. दोघं खुशाल आहेत. पण मुंगे, खुशाल नसतीही. रिक्षात बसून त्या लाल दांड्याकडे बघताना माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, सर्वानुमते.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांकडे गेले. ते म्हणाले, झालेल्या ठरावाचा फेरविचार होतो, पण सदस्यांच्या सह्या लागतात, आणि ज्याने मागणी केली त्यालाच सभेत मांडावं लागतं. तिथे दुसऱ्याने बोललेलं चालत नाही.

सह्यांचं मी माझ्या पद्धतीने बघितलं. चहा, मापं, गणवेश. हेडमास्तरांनी सही केली, वर म्हणाले की पंख्याचंही त्यात घाला. सह्या पुरेशा झाल्या. आता बोलायचं तेवढं राहिलं आहे. रोज दुकान बंद केल्यावर शिलाई मशीनसमोर उभी राहून बोलून बघते. मशीन काही म्हणत नाही, तरी घाम फुटतो.

तुझं ते दुसरं म्हणणं मला खरंच आवडलं नाही. पण ते खरं आहे, हे मी मान्य करते. माझी पत्रं तुझ्या प्रबंधाच्या कामाला येणार असतील तर वापर. माझं नाव घालू नकोस, आणि ‘एक शिंपीण’ असंही लिहू नकोस, आमच्या भागात मी एकटीच आहे.

तुझी,
आत्या

१८ जुलै

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

झाली सभा. बोलले.

मी सांगितलं की सर्वानुमते म्हणजे सगळ्यांच्या मताने, आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं, मीही दिलं नव्हतं. ते आज देते. माझा विरोध आहे, लिहून घ्या. मग फाटकाचं सांगितलं. मध्ये कंत्राटदार काहीतरी म्हणाला, लोक थोडे हसले, मग मी पुढचं बोलले. शेवटी हात वर करून मतं घ्या आणि नावानिशी नोंदवा असा आग्रह धरला. अध्यक्ष कुरकुरले, पण सचिवांनी नियमाचं पुस्तक पुढे सरकवलं.

निकाल असा: दवाखाना फाटकापलीकडेच राहणार, पण बाळंतपणाच्या दोन खोल्या आणि नर्सबाई इथे परत येणार. म्हणजे अर्धं मिळालं. हेडमास्तरांचा हात आमच्या बाजूने वर गेला. तो मतासाठी की पंख्यासाठी ते कळलं नाही, पण मोजला गेला. सगळ्यात नवल कंत्राटदाराच्या बायकोचं. ती काल दुकानात आली, काही शिवायचं नव्हतं, नुसती बसली, चहा घेतला आणि गेली.

इतिवृत्ताची प्रत मागून घेतली आहे. त्यात माझं नाव आहे आणि पुढे ‘विरोध’ असं लिहिलेलं आहे. इतका सुंदर शब्द असेल असं वाटलं नव्हतं.

सुट्टी काढून ये. खूप बोलायचं आहे आणि पत्रात ते मावत नाही.

तुझी,
आत्या

५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मी पुढच्या शनिवारी येते आहे, गाडीचं तिकीट काढलं. पण तोपर्यंत धीर धरवत नाही म्हणून हे लिहिते.

तू मला लिहिलंस, ‘लोक थोडे हसले, मग मी पुढचं बोलले.’ आत्या, तू किती लबाड आहेस ते मला काल कळलं.

काल आम्ही सगळे आपापल्या कामात होतो. कानसेनने मध्येच हेडफोन काढला आणि खोलीला उद्देशून म्हणाला की एक अडचण आहे. अमुक गावाची जुलैची सभा, मोजणीत धरायची नाही तीच. एक बाई बोलते आहे. कुणीतरी म्हणतो, ‘आज बाईंनी माप मोठं घेतलंय.’ हशा होतो. ‘हशानंतर बाई एक तर बोलते किंवा बसते,’ तो म्हणाला, ‘आपल्याकडे तेवढेच दोन रकाने आहेत. ही दोन्ही करत नाही. खुर्चीचा आवाज नाही. माइक चालू आहे, तिचा श्वास ऐकू येतो. ती नुसती उभी आहे. बाकीचे हसून दमतात. एकटा तो माणूस हसत राहतो, मग त्याला कळतं की आपण एकटेच हसतोय, आणि तो खोकल्याचं सोंग करून थांबतो. खोली अगदी शांत होते. तेव्हा ती म्हणते, “झालं? तर मी सांगत होते...” आणि जिथे तोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे जाते. हे मी कशात भरू?’

मी समोरच्या कागदावर एकच रेघ परत परत ओढत होते. मॅडमनी चष्मा काढला, पण टेबलावर ठेवला नाही, पदराने बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की नवा रकाना करा. आणि म्हणाल्या की जुन्या सगळ्या फिती परत ऐका, सगळ्या गावांच्या. अशा आणखी कितीजणी उभ्या राहिल्या असतील आणि आपण ‘शांतता’ असं लिहून पुढे गेलो असू.

म्हणजे महिनाभराचं काम वाढलं. सगळ्यांनी सुस्कारे सोडले, माझ्याशिवाय.

कानसेन चहाला माझ्याबरोबर आला. जिन्यात म्हणाला, ‘तो आवाज कानातून जात नाही. कोण असेल गं ती बाई?’

सांगायची मला परवानगी नाही. मी म्हटलं, ‘असेल कुणाची तरी आत्या.’

तुझी,
मुंगी